थेट कत्तल की आधी थोडा विसावा?

उन्हातून दोन-तीन तासांचा प्रवास करून क्रेट उतरवले की कोंबड्या चोच उघडी ठेवून धापा टाकत असतात. त्याच अवस्थेत कापल्या, तर स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) झपाट्याने लॅक्टिक आम्लात बदलतं. शरीर अजून ४० अंशांच्या आसपास गरम आणि सामू (pH; जितका कमी तितकं आम्ल जास्त) मात्र ६ च्या खाली घसरलेला. या दोन्हींचा मारा मायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनाला सोसत नाही. त्याची घडी विस्कटते, पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते. छातीचा तुकडा फिकट, लिबलिबीत दिसतो. ताटलीत ठेवला की थोड्या वेळात खाली पाणी साचतं.

याउलट सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात तासभर थांबवलं तर धाप ओसरते. कत्तलीनंतर सामू सावकाश उतरतो, तोवर मांस थंड झालेलं असतं आणि प्रथिनं बरीचशी शाबूत राहतात. मात्र विसावा लांबवू नये. फार वेळ उपाशी ठेवलं तर ग्लायकोजेनच संपत येतं, सामू चढा राहतो. मांस गडद होतं, लवकर खराबही होतं.

माझा कौल थोड्या विसाव्यालाच. पण क्रेट एकावर एक रचून कोंदट जागेत ठेवणं म्हणजे विसावा नव्हे. त्यात त्या मुक्या जिवाचे हाल फक्त लांबतात.