परिवर्तनीय रोखा : एका गुंतवणूक-साधनाचे परीक्षण

गेली काही वर्षे मी परिवर्तनीय रोखे विकत घेत आणि बाळगत आलो आहे. या साधनाविषयी विक्रेते जे सांगतात आणि ते हाताशी असताना जे अनुभवाला येते, त्यांत बरेच अंतर पडते. ते नोंदवण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याचे म्हणणे थोडक्यात असे असते की, शेअर वर गेला तर त्याच्याबरोबर आपणही वर जातो आणि खाली आला तर रोख्याचे मुद्दल आपल्याला सांभाळते. हे म्हणणे खोटे नाही, पण त्यात भावाचा उल्लेख नसतो. आणि या साधनाचा बरेवाईटपणा तर ते कोणत्या भावाला मिळते यावरच ठरतो.

रचना साधी आहे. कंपनी कर्ज घेते, ठरावीक व्याज देते, मुदतीअखेर मुद्दल परत करण्याचे वचन देते आणि त्याबरोबरच रोखेधारकाला असा हक्क देते की, त्याने हवे तर मुद्दल सोडून त्याऐवजी ठरलेल्या संख्येने शेअर घ्यावेत. समजा, दर्शनी मूल्य १०००, मुदत ५ वर्षे, वार्षिक व्याज १ टक्का आणि रूपांतर किंमत १२५ असा एक रोखा आहे; म्हणजे एका रोख्याचे ८ शेअर होतात. शेअरचा आजचा भाव १०० असेल, तर त्या ८ शेअरांची किंमत ८०० भरते, आणि रूपांतर किंमत बाजारभावापेक्षा २५ टक्के वर आहे. आता याच कंपनीला साध्या, रूपांतराचा हक्क नसलेल्या कर्जावर ६ टक्के व्याज द्यावे लागत असेल, तर १ टक्का व्याजाचा हा प्रवाह ६ टक्क्यांनी आजच्या मूल्यात आणल्यावर सुमारे ७८९ येतात. यालाच रोख्याचा तळ म्हणतात. विक्रीच्या दिवशी आपण १००० मोजतो. म्हणजे उरलेले २११ आपण रूपांतराच्या हक्कासाठी दिलेले असतात, आणि त्या हक्काचे खरे मोल २११ आहे का, हाच खरेदीदारापुढचा मुख्य प्रश्न असतो.

त्याचे उत्तर शेअरच्या भावात किती चढउतार होतील यावर अवलंबून असते. अशा हक्काचे मोल काढण्यासाठी फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ साली मांडलेल्या सूत्राने, ३ टक्के जोखीममुक्त व्याजदर धरून आणि लाभांश शून्य मानून मी हा हिशेब केला. वार्षिक अस्थिरता, म्हणजे भावातल्या चढउतारांचे माप, ३० टक्के धरली तर ८ शेअरांवरच्या हक्काचे मोल सुमारे १८९ येते, म्हणजे रोख्याची एकूण किंमत ९७८ होते आणि १००० ला तो महाग ठरतो. अस्थिरता ३५ टक्के धरली तर तोच हक्क २२३ च्या घरात जातो, एकूण किंमत १०१३ च्या आसपास येते आणि १००० ला तोच रोखा स्वस्त ठरतो. कंपनी तीच, व्याज तेच, मुदत तीच. अस्थिरतेच्या अंदाजातल्या पाच टक्क्यांनी निकाल फिरतो. म्हणून परिवर्तनीय रोखा घेणारा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, मुख्यतः अस्थिरता विकत घेत असतो.

मात्र तळ अधिक हक्क अशी सरळ बेरीज हा केवळ पहिला अंदाज आहे. रूपांतर करताना आपण रोख रक्कम भरत नाही, रोखाच सोडून देतो, आणि त्या रोख्याची किंमत स्वतःच बदलती असते. शिवाय मुदतीआधी रोखे परत घेण्याचा हक्क बहुधा कंपनीने राखून ठेवलेला असतो. १९७७ साली अर्थशास्त्रज्ञ इंगरसोल यांनी, तसेच ब्रेनन आणि श्वार्ट्झ यांनी या दोन्ही बाजूंच्या हक्कांचा एकत्र विचार करणाऱ्या पद्धती मांडल्या, आणि १९९८ मध्ये त्सिवेरिओटिस आणि फर्नांडिस यांनी रोख्याच्या मूल्याचे रोख मिळणारा आणि शेअररूपाने मिळणारा असे दोन भाग पाडून, पतजोखमीची, म्हणजे कंपनी पैसे बुडवण्याच्या शक्यतेची, वजावट फक्त पहिल्या भागाला लावली. कारण स्पष्ट आहे : कंपनी स्वतःचे शेअर केव्हाही देऊ शकते, पैसे मात्र असतील तरच देऊ शकते.

हा फरक मला एका रोख्याने शिकवला. कंपनीचे निकाल बिघडले आणि शेअर बराच खाली आला, तेव्हा आपला रोखा तळाशी थांबेल असे मी धरून चाललो होतो. पण ज्या बातमीने शेअर पडला त्याच बातमीने कंपनीची पतही घसरली होती, आणि त्यामुळे तळही खाली सरकत गेला. वरच्याच उदाहरणात साध्या कर्जावरचा दर ६ ऐवजी १२ टक्के झाला, तर ७८९ चा तळ सुमारे ६०३ वर येतो. मुद्दल सांभाळले जाते हे वचन कंपनी तगली तरच खरे ठरते, आणि हे रोखे बहुतेक वेळा तारणरहित व इतर कर्जांच्या मागच्या रांगेतले असल्यामुळे दिवाळखोरीत हाती फारसे काही लागत नाही.

वेळेचे महत्त्व दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण मला टेस्लाचे वाटते. २०१४ च्या सुरुवातीला या कंपनीने एकाच वेळी दोन परिवर्तनीय रोखे विकले, एक २०१९ मध्ये संपणारा ०.२५ टक्के व्याजाचा आणि दुसरा २०२१ मध्ये संपणारा १.२५ टक्के व्याजाचा. दोन्हींची रूपांतर किंमत ३५९.८७ डॉलर होती. मार्च २०१९ मध्ये पहिल्याची मुदत भरली तेव्हा शेअर त्या किमतीच्या खाली होता, त्यामुळे रूपांतराचा हक्क निरुपयोगी ठरला आणि कंपनीने ९२ कोटी डॉलर रोख परत केले. पुढच्याच वर्षी शेअर त्या किमतीच्या कितीतरी वर गेला आणि दुसऱ्या रोख्याच्या धारकांना घसघशीत लाभ झाला. मुदतीचे दोन वर्षांचे अंतर एवढे महाग किंवा एवढे किफायतशीर असू शकते.

कंपन्या हे रोखे का काढतात, याचे नेहमीचे उत्तर कमी व्याज असे दिले जाते, आणि मला ते अपुरे वाटते. वरच्या उदाहरणातल्या कंपनीने ५ टक्के व्याज वाचवले हे खरे, पण त्याच्या मोबदल्यात तिने २०० च्या आसपास किमतीचा हक्क देऊन टाकला; शेअर २०० झाला तर १६०० किमतीचे शेअर तिला १००० मध्ये द्यावे लागतील आणि तो भार जुन्या भागधारकांवर पडेल. खरी कारणे मला दोन दिसतात. एक, कंपनीची जोखीम नेमकी किती हे बाहेरच्याला कळत नाही तेव्हा साधे कर्ज महाग पडते. परिवर्तनीय रोख्यात मात्र जोखीम वाढली की तळ घटतो आणि हक्काचे मोल वाढते, त्यामुळे जोखमीविषयीच्या मतभेदाचा एकूण किमतीवर कमी परिणाम होतो. हा ब्रेनन आणि श्वार्ट्झ यांचाच विचार आहे. दुसरे कारण अर्थशास्त्रज्ञ जेरेमी स्टाइन यांनी १९९२ मध्ये मांडले : आपला शेअर आज स्वस्त आहे असे व्यवस्थापनाला वाटत असेल, तर आज शेअर विकण्याऐवजी उद्याच्या चढ्या भावाने, म्हणजे जणू मागच्या दाराने, भांडवल उभारण्याचा हा मार्ग असतो. ज्या कंपनीचा शेअर फार उसळतो तिला तर अस्थिरताच विकता येते. बिटकॉइनचा मोठा साठा बाळगणाऱ्या मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ३०० कोटी डॉलरचे रोखे शून्य टक्के व्याजाने आणि ५५ टक्के चढ्या रूपांतर किमतीला विकले, ते याच बळावर.

ती अस्थिरता घेणारे बहुधा हेज फंड, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन गुंतागुंतीचे व्यवहार करणारे खासगी फंड, असतात. ते रोखा घेतात आणि त्याच कंपनीचे शेअर उसने घेऊन विकतात. आपल्या उदाहरणात एका रोख्यामागे सुमारे ४.७ शेअर. शेअर चढला की आणखी विकायचे, पडला की परत घ्यायचे, आणि या हालचालीतून नफा काढायचा, असा त्यांचा व्यवसाय आहे. किरकोळ गुंतवणूकदाराने हे लक्षात ठेवावे, कारण हे खरेदीदार अडचणीत आले की कंपनी सुदृढ असूनही रोख्यांचे भाव कोसळतात. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत वित्तीय कंपन्यांचे शेअर उसने घेऊन विकण्यावर बंदी आली आणि फंडांना मिळणारी उधारीही आटली, तेव्हा हेच घडले.

माझी सर्वांत मोठी तक्रार अटींच्या मांडणीविषयी आहे. सलग ३० व्यवहारदिवसांपैकी २० दिवस शेअर रूपांतर किमतीच्या १३० टक्क्यांवर राहिला तर कंपनी रोखे परत मागवू शकते, अशी अट सर्रास असते, पण माहितीपुस्तिकेत ती फार आत दडलेली असते. आपल्या उदाहरणात तो टप्पा १६२.५ चा आहे. तिथे पोहोचल्यावर कंपनीने बोलावणे धाडले की आपल्याला रूपांतर करावेच लागते, कारण नाहीतर शेअरांपेक्षा कमी मोलाचे मुद्दलच हाती येते, आणि हक्काचे उरलेले वेळमूल्य, म्हणजे मुदत शिल्लक असल्यामुळे असलेले मोल, हातचे जाते. कंपनी रोखीने विकली गेली तरी तेच होते, आणि अशा वेळी वाढीव शेअर देणारा भरपाईचा तक्ता अटींत आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे लागते.

साध्या रोख्याच्या रूपात ज्या कंपनीला मी कर्ज देणार नाही तिचा परिवर्तनीय रोखाही आता मी घेत नाही, आणि भावात दडलेली अस्थिरता, म्हणजे जी धरली तर हिशेब रोख्याच्या बाजारभावाशी जुळतो ती, शेअरच्या गेल्या काही वर्षांतल्या प्रत्यक्ष अस्थिरतेपेक्षा वर दिसली तर थांबतो. या दोन चाळण्यांतून फार थोडे रोखे उतरतात. सध्या माझ्याकडे दोनच आहेत, दोन्ही दर्शनी मूल्याच्या खाली घेतलेले, आणि दोन्हींत भरपाईचा तक्ता आहे.