भूशास्त्रीय नकाशांवरचा निबंध: वर्डमध्ये लिहावा की लेटेकमध्ये?

डिजिटल भूशास्त्रीय नकाशांकनाच्या कार्यशाळेसाठी निबंध पाठवायचा ठरवले, की कोल्हापुरातील भूशास्त्र किंवा भूगोलाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो लेखनाच्या साधनाचा. बहुतेक आयोजक वर्ड आणि लेटेक (मजकुरात लिहिलेल्या सूचनांवरून पाने रचणारी प्रणाली) असे दोन्ही साचे देतात आणि निवड लेखकावर सोपवतात. ही निवड सवयीवर किंवा मित्राच्या सल्ल्यावर न करता आपल्या नकाशाकडे पाहून करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण या विषयातील निबंधाचा मुख्य पुरावा नकाशाच असतो. अमेरिकेत राज्यांच्या भूशास्त्र विभागांची संघटना आणि तेथील भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्था यांनी १९९७ साली कॅन्सासमधील लॉरेन्स येथे अशा कार्यशाळांची परंपरा सुरू केली. तेव्हापासून या प्रकारच्या निबंधांकडून, नकाशा कोणत्या टप्प्यांनी तयार झाला हे दुसऱ्या नकाशाकाराला आपल्या कामात वापरता येईल इतक्या स्पष्टपणे सांगण्याची अपेक्षा असते.

दोन्ही साधनांची कसोटी नेमकी कुठे लागते हे पाहण्यासाठी पन्हाळ्याचेच उदाहरण घेऊ. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर आणि मसाई पठार हा परिसर ४७ एल/१ या टोपोशीटमध्ये, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशापत्रकात, येतो. १:५०,००० प्रमाणाचे हे पत्रक अक्षांश-रेखांशाच्या १५ मिनिटांचे, म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे २६.६ किलोमीटर रुंद असल्यामुळे कागदावर ते सुमारे ५३ सेंटिमीटर भरते. ए-४ पानाच्या १७ सेंटिमीटर रुंदीत ते बसवले, की प्रमाण सुमारे १:१,५६,००० होते आणि पठाराच्या कडेने उतरलेला जांभ्याचा २०० मीटर रुंदीचा पट्टा ४ मिलिमीटरवरून सव्वा मिलिमीटरवर येतो. दोन स्तंभांच्या साच्यात एका स्तंभाच्या साडेआठ सेंटिमीटरमध्ये हाच नकाशा घातला, तर तो पट्टा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरतो. त्यातच आपल्याकडील दख्खन बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे लाव्हाप्रवाहांच्या सीमारेषा समोच्च रेषांना (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) समांतर धावतात, आणि आकार कमी केल्यावर या दोन प्रकारच्या रेषा एकमेकींत मिसळू लागतात. म्हणून निबंधातील नकाशाखाली प्रमाणाचा आकडा न देता प्रमाणपट्टी द्यावी, आणि वापरलेले साधन बारीक रेषा शेवटपर्यंत टिकवते की नाही हे आधी तपासावे.

या ठिकाणी वर्ड कमी पडते, पण ते का कमी पडते हे कळले तर बराचसा तोटा टाळता येतो. फाईल जतन करताना वर्ड चित्रे आपणहून संकुचित करते आणि अनेक आवृत्त्यांत त्याची मूळ मर्यादा इंचाला २२० बिंदू अशी ठेवलेली असते. त्यामुळे १७ सेंटिमीटर रुंदीचा नकाशा ३०० बिंदूंनी काढला असता जे सुमारे २,००० बिंदू मिळाले असते, त्यांचे जेमतेम १,४७० उरतात, आणि ०.१५ मिलिमीटर जाडीची सीमारेषा एका बिंदूहून थोडी अधिक एवढीच राहते. प्रगत पर्यायांमध्ये चित्रे संकुचित न करण्याची सोय आहे. ती पहिला नकाशा घालण्यापूर्वीच निवडावी, कारण एकदा गेलेले बिंदू परत येत नाहीत. ईपीएस या रेषाचित्रांच्या फाईल-प्रकारातील चित्रे वर्डमध्ये घालण्याची सोय २०१७ साली सुरक्षेच्या कारणास्तव बंद झाली. नव्या आवृत्त्यांत एसव्हीजी हा दुसरा रेषाचित्र-प्रकार घालता येतो, परंतु समोच्च रेषांनी भरलेला नकाशा त्या रूपात घातला की दस्तऐवज जड होतो. दुसरा धोका जुन्या नकाशाचा आहे. क्षेत्रभेटीनंतर एखादी सीमारेषा सरकवली, तरी वर्डमध्ये आधीचेच चित्र राहते. चित्र थेट न घालता मूळ फाईलशी जोडून ठेवले असेल, तरच बदल पोहोचतो.

लेटेकमध्ये ही जोडणी स्वाभाविकच असते. क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या संगणकप्रणालीतून त्याच नावाने नवी पीडीएफ काढली आणि निबंध पुन्हा संकलित केला (सूचनांवरून पाने नव्याने रचून घेतली), की प्रत्येक पानावर ताजा नकाशा येतो, व्हेक्टर रेषा, म्हणजे बिंदूंऐवजी आकृतीच्या रूपात साठवलेल्या रेषा, रेषाच राहतात आणि परीक्षकाला पडद्यावर हवे तेवढे मोठे करून जांभ्याची सीमा पाहता येते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: उठावाच्या छायेवर (डोंगर-दऱ्यांचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या सावलीच्या थरावर) खडकांचे रंग 'मल्टिप्लाय' या रंग एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने मिसळले, की क्यूजीआयएस बाहेर काढताना तो भाग बिंदूचित्रात बदलते आणि पीडीएफ असूनही व्हेक्टरचा लाभ हातचा जातो. ज्याला लेटेक केवळ सुबक रेषांसाठी निवडायचे आहे, त्याने छायेचा थर फिकट करून खाली ठेवावा आणि सीमारेषा व भ्रंश (ज्यांच्या बाजूने खडक सरकले आहेत त्या भेगा) त्यावर साध्या, न मिसळलेल्या थरात काढावेत.

देवनागरीच्या बाबतीत मात्र वर्ड सोपे आहे. लेटेकमध्ये 'पन्हाळा' किंवा 'पंचगंगा' मजकुरात लिहायचे तर झीलेटेक किंवा लुआलेटेक हे लेटेकचे नवे प्रकार लागतात, आणि आयोजकांचा साचा जुन्या पीडीएफलेटेकवर बेतलेला असेल तर वाट अडते. गावांची नावे नकाशात देवनागरीत हवी असतील, तर क्यूजीआयएसमध्ये अक्षरे आकृतीच्या रूपात बाहेर काढण्याचा पर्याय निवडावा; अन्यथा जोडाक्षरे तुटून छापली जाण्याची शक्यता राहते. हा नियम दोन्ही साधनांना लागू आहे.

सहलेखकांचा विचार केला, तर तराजू पुन्हा वर्डकडे झुकतो. आपल्याकडे मार्गदर्शक बहुधा वर्डमधील 'ट्रॅक चेंजेस' (केलेले बदल दाखवणारी सोय) लावून दुरुस्त्या करतात, आणि ज्यांनी तीस-चाळीस वर्षे सह्याद्रीचा घाटमाथा पायी तुडवला त्यांच्या शेऱ्यांचे मोल टंकलेखनाच्या सुबकतेपेक्षा निश्चितच मोठे आहे. ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेक सेवेवर एकत्र लिहिता येते, पण मोफत खात्यात सहकाऱ्यांची संख्या मर्यादित असते आणि जड नकाशे असलेला निबंध संकलित होण्यास वेळ लागतो. संदर्भांच्या बाबतीत झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे साधन दोन्हीकडे चालते, आणि गणिती सूत्रे या विषयात फारशी येत नसल्याने लेटेकचा तो प्रसिद्ध गुण येथे निर्णायक ठरत नाही. गूगल डॉक्स पहिल्या मसुद्यापुरते ठीक आहे; नकाशांसाठी ते वापरू नये.

कोणतेही साधन निवडले, तरी काही माहिती लेखकालाच द्यावी लागते आणि तिच्या अभावी निबंध परत येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट एव्हरेस्ट आधारपृष्ठावर (पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या प्रतिमानावर) व पॉलिकॉनिक प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका पद्धतीत) आहेत, तर जीपीएसचे बिंदू डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या आधारपृष्ठावर असतात. कोल्हापूर यूटीएम या मीटरमध्ये स्थान सांगणाऱ्या जागतिक प्रक्षेप-पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात येते, म्हणून रूपांतर कसे केले हे एका वाक्यात नमूद करावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरून घेतलेली सीमारेषा आणि स्वतः चालत जाऊन टिपलेली सीमारेषा वेगळी दाखवावी. निश्चित सीमा सलग रेषेने, अंदाजे सीमा तुटक रेषेने आणि गाळाखाली दडलेली सीमा टिंबांच्या रेषेने, हा संकेत पंचगंगेच्या काठच्या गाळप्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे बेसाल्टची कड बहुतेक ठिकाणी दिसत नाही.

माझा सल्ला असा आहे. दोनपेक्षा अधिक लेखक असतील, मार्गदर्शक वर्डमध्येच वाचत असतील आणि नकाशे दोन-तीनच असतील, तर निबंध वर्डमध्ये लिहावा, चित्रे संकुचित होणे बंद करावे आणि प्रत्येक नकाशाची पूर्ण आकाराची पीडीएफ पूरक फाईल म्हणून सोबत पाठवावी. एकाच क्षेत्राचे अनेक नकाशे असतील, ते अखेरपर्यंत बदलत राहणार असतील आणि लेखक एकटा किंवा दुकटा असेल, तर लेटेक शिकण्याचे श्रम सार्थकी लागतात. मात्र कार्यशाळेच्या मुदतीला पंधरवडा उरला असताना ते शिकायला घेऊ नये. पाठवण्यापूर्वी निबंध प्रत्यक्ष आकारात, शक्य तर कृष्णधवल, छापून घ्यावा आणि जांभा व बेसाल्ट यांच्या छटा, भ्रंशरेषा व गावांची नावे नुसत्या डोळ्यांनी वेगळी ओळखता येतात का ते अशा माणसाकडून तपासून घ्यावे, ज्याने हा नकाशा आधी कधी पाहिलेला नाही.