आधी पेन्सिल की आधी कॅनव्हा?

मंडळाचं पोस्टर उद्याच हवं असेल तर कॅनव्हा (तयार नमुन्यांवरून, म्हणजे टेम्प्लेटवरून, डिझाइन करायचं ऑनलाइन साधन) उघडा, वाद नको. टेम्प्लेट तयार, रंग जमलेले, तासाभरात काम हातावेगळं. पण डिझाइनची तत्त्वं शिकायची असतील तर माझं मत कागदाच्या बाजूने आहे.

टेम्प्लेट बहुतेक वेळा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. त्यात दोन ओळींचा मराठी मथळा टाकला की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. नवखा विद्यार्थी मग अक्षरच लहान करतो आणि मथळ्याचा जीव जातो. वाढवायचं असतं ते ओळींमधलं अंतर. आलेखाच्या कागदावर शिरोरेषा आखून ज्याने अक्षरं काढली आहेत, त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मोकळ्या जागेचं महत्त्वही तिथेच कळतं, कारण प्रत्येक रेघ हाताने भरावी लागते.

कागद वेळ मात्र फार खातो. मथळा जरा डावीकडे न्यायचा म्हटलं की सगळं पहिल्यापासून! संगणकावर दहा मांडण्या शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. संरेखन (मजकूर आणि चित्रं एका रेषेत लावणं) आणि रंगांमधला ठळक फरक तिथे झटपट समजतो. (पडद्यावरचा झगझगीत हिरवा छापून आला की मळकट का होतो, हे मात्र छापखान्यातच शिकावं.)

खर्चात फारसा फरक नाही. मुक्ता, बलू यांसारखे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. ते घ्यावेत, पण कागदावरची एक मांडणी पक्की झाल्यावर.