लोअर परळचा एक क्लब : साऊंड एक नंबर, नाचायला जागा शून्य

आधी साऊंडबद्दल लिहितो, कारण मनापासून कौतुक करावं असं तेवढंच आहे. ज्याने कुणी इथली सिस्टीम बसवलीय त्याला मानलं बाबा, बेस छातीत बसतो पण कान फुटत नाहीत, हाय-हॅट (ड्रमची झांज) एकदम स्वच्छ ऐकू येते आणि शेजारच्याशी बोलायला घसा ताणावा लागत नाही. नुसता मोठा आवाज म्हणजे चांगला साऊंड नव्हे हे विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोर अडकलेल्या माणसाला वेगळं सांगायला नकोच.

जागेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. मिल कंपाउंडांमधल्या या जागांच्या पाट्या तशाही सारख्या बदलत असतात, आणि खरं सांगू का, खाली जे लिहिलंय ते आजूबाजूच्या चार जागांनाही जसंच्या तसं लागू पडेल.

एंट्री. आम्ही तिघं पोरं, बरोबर मुलगी नाही, म्हणजे स्टॅग, म्हणजे गुन्हेगारच. डोक्याला तीन हजार, फुल रिडीमेबल म्हणे, पण ते कुपन त्याच रात्री संपवायचं नाहीतर गेले पैसे. कपलला त्याच्या निम्मं आणि मुलींना साडेदहापर्यंत फ्री. गेटवर आधार नीट बघतात हे मात्र आवडलं, 25 पूर्ण असतील तर एका रंगाचा बँड, 21 ते 25 मधे असाल तर दुसरा, म्हणजे फक्त बियर नाहीतर वाइन. नियम हाच आहे महाराष्ट्रात, पण एवढा सिरियसली पाळताना मी फार कमी ठिकाणी बघितलाय.

आता मुद्द्यावर येतो. डीजेच्या कन्सोलपासून पहिल्या टेबलापर्यंत जेमतेम आठ पावलं, आणि त्या आठ पावलांत सगळ्यांनी नाचायचं, त्यातच वेटर ट्रे घेऊन घुसणार, त्यातच सेल्फी. मागे बघावं तिकडे टेबलं, प्रत्येक टेबलाला मिनिमम बिल, आणि टेबलावरची पब्लिक नाचत नाही हो, ती फोन वर धरून उभी असते. वाढदिवस असला की विषयच संपला, तीन-चार जण बाटलीला स्पार्कलर लावून, एलईडीची पाटी नाचवत फ्लोअरच्या मधून मिरवणूक काढतात आणि त्या बिचाऱ्या डीजेला चालू ट्रॅकचा बेस कापून हॅपी बर्थडे वाजवावं लागतं. छान रंगात आलेला सेट होता राव, पाच मिनिटं गेली, परत फ्लोअर जमवायला त्याला अजून पंधरा लागली.

मालकाला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याचं गणितही बघा. नाचणारा माणूस रात्रभरात दोन बियर आणि चार बाटल्या पाणी पितो, टेबलवाला व्हिस्कीची आख्खी बाटली उघडतो. त्यात परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट 2023 च्या नोव्हेंबरपासून 5 चा 10 टक्के झाला, मग 2025 ला उत्पादन शुल्क वाढलं, लायसन्स फी वाढली, त्या जुलैत 14 तारखेला बारवाल्यांनी राज्यभर एक दिवस बार बंद ठेवून निषेधही केला. भाडं वेगळंच. मग काय, फ्लोअर कापा आणि टेबलं वाढवा. समजतं सगळं, पण मग पोस्टरवर डान्स क्लब कशाला लिहिता, डीजेवालं रेस्टॉरंट लिहा की.

दुसरी गोची बंद व्हायच्या वेळेची. रात्री दीडला बंद म्हणजे एकला लास्ट ऑर्डर, सव्वाला लाइट लागायला सुरुवात. आणि आपली मुंबईची पब्लिक साडेअकराच्या आत येत नाही. म्हणजे मेन डीजेच्या हातात पावणेदोन तास. पूर्वी मेन डीजेच्या आधी वॉर्मअप करणारा 118-120 बीपीएमवर (मिनिटाला तेवढे ठोके) हळूहळू खोली तापवायचा, आता पावणेदहाला रिकाम्या फ्लोअरवर पोरगं डायरेक्ट 128 ला धडाधड टेक्नो, कारण त्यालाही रीलसाठी ड्रॉप, म्हणजे थांबलेला बेस परत धाडकन सुटतो तो क्षण, पाहिजे. साडेअकरानंतर मग आफ्रिकन तालांवरचं डान्स म्युझिक, म्हणजे अ‍ॅफ्रो हाऊस, अ‍ॅफ्रो हाऊस आणि जुन्या हिंदी गाण्याचं अ‍ॅफ्रो हाऊस. गोव्यात तिथल्या ट्रान्स पार्ट्यांचा डीजे गोवा गिल सलग चोवीस तास वाजवायचा, कॅसेटवरून, ते आता गोव्यातही राहिलं नाही आणि तोही 2023 ला गेला. ते सोडा, चोवीस तास कोण मागतंय, चार तास तरी द्या.

याच परळात मथुरादास मिल कंपाउंडात ब्लू फ्रॉग नावाचा लाइव्ह म्युझिकचा क्लब होता, 2007 ते 2016. ध्रुव घाणेकर, आशुतोष फाटक अशा म्युझिकवाल्या मंडळींनी काढलेला. तिथेही बसायला जागा होतीच की, ते गोल गोल पॉड, म्हणजे बसायचे कप्पे, पण पायऱ्यांसारखे चढत गेलेले आणि तोंड स्टेजकडे, म्हणजे बसलेल्या माणसाचंही लक्ष म्युझिककडेच. बँड संपला की डीजे, आणि मधे फ्लोअर मोकळा. महाग तेव्हाही होतं हां, उगाच जुनं ते सोनं करत नाही.

आणि हे फक्त आपलंच रडगाणं नाही. जर्मनीने 2024 च्या मार्चमध्ये बर्लिनच्या टेक्नोला सांस्कृतिक वारसा म्हणून राष्ट्रीय यादीत घातलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिथला वॉटरगेट क्लब कायमचा बंद झाला. घ्या.

एक गोष्ट मात्र चेष्टेत नाही. मागच्या इमर्जन्सी एक्झिटसमोर सोड्याचे क्रेट रचलेले होते, माझ्या कंबरेएवढे. बाउन्सरला दाखवलं तर "हो सर, हटवतो" म्हणाला, निघताना बघितलं तर तिथेच. कमला मिल्स इथून चालत जाण्याइतकं जवळ, 2017 च्या डिसेंबरात तिथल्या आगीत 14 जण गेले. 2025 च्या डिसेंबरात गोव्यात अर्पोऱ्याच्या क्लबमध्ये 25 जण गेले, आणि आत उडवलेल्या फटाक्यांनी आग लागली असं तिथल्या सरकारनेच सांगितलं. आणि इथे कापडाने सजवलेल्या सीलिंगखाली बाटलीला स्पार्कलर लावून मिरवणूक चाललीय! मी या एका गोष्टीसाठी दोन स्टार कापलेत आणि कमी कापले असं वाटतंय.

स्टाफ चांगला आहे, लेडीज बाउन्सर फ्लोअरवर खरंच लक्ष ठेवून होती, एकाला शांतपणे बाहेर काढलेलं बघितलं. टॉयलेट स्वच्छ. एसी जरा जास्तच.

तर पाचातले अडीच. शनिवारी चुकूनही जाऊ नका. गुरुवारी इथलीच लोकल पोरं वाजवतात, कव्हर (एंट्रीचे पैसे) नसतं, टेबलं अर्धी रिकामी आणि वाढदिवसवाले कमी, तेव्हा साडेदहाला जाऊन उजव्या स्पीकरपासून जरा मागे उभे राहा, तिथे साऊंड सगळ्यात भारी लागतो. शनिवारी गेलातच आणि कुपन उरलं तर चिकन चिली मागवा, पनीर टिक्का नको, रबर आहे. आणि किचन सव्वाबाराला बंद होतं, हे बिल मागेपर्यंत कुणी सांगत नाही.