गृहशिक्षण की शाळा? एकाच घरात दोन्ही करून पाहिल्यावर

कोथरूडच्या आमच्या घरात दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. थोरली मुलगी तिसरीनंतर शाळेत गेली नाही आणि तिने दहावीची परीक्षा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दिली. धाकटा मुलगा दोन वर्षे घरी शिकला आणि चौथीपासून पुन्हा शाळेत जाऊ लागला. दोन्ही निर्णय योग्य होते, असे मला वाटते.

शाळेत असताना मुलीची व्हॅन पावणेसातला येई आणि दुपारनंतरचा वेळ गृहपाठात जाई. घरी गणित आणि भाषांना सकाळचे अडीच तास पुरत, कारण एकच मूल असले की अडलेले तिथल्या तिथे सुटते. उरलेला दिवस तिचा असे. राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या मांडणीपुढे ती तासभर चित्रे काढत बसली आणि त्यातूनच तरफेचा धडा निघाला: टेकू एका टोकाला, सुपारी मधे, हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. शाळेच्या सहलीत तिला तिथे पाच मिनिटेही थांबता आले नसते. ज्या मुलाला एखाद्या गोष्टीत बुडून जायचे असते, त्याच्यासाठी घर निःसंशय सरस आहे.

मुलाचे तसे नव्हते. सकाळी दहाला सोसायटीच्या आवारात एकही मूल नसे आणि तो शाळेची बस परतेपर्यंत गॅलरीत उभा राही. संध्याकाळचे खेळ आणि शनिवारची वेताळ टेकडी यांनी ती उणीव भरून निघेल, ही माझी समजूत चुकली. त्याला चार जणांबरोबर वाचायला, चुकायला आणि पुन्हा हात वर करायला हवे होते. शिवाय घरी गणित चुकल्यावर रागावणारा आणि नंतर जेवायला वाढणारा माणूस एकच, म्हणजे मीच होतो, आणि ते त्याला जड जात होते. शाळेतली बोलणी शाळेतच ठेवून मूल घरी येऊ शकते, हा शाळेचा फार मोठा गुण मला तेव्हा कळला.

खर्चाचे गणित साधे आहे. शाळेची फी वाचली, पण मी अर्धवेळ काम पत्करल्याने उत्पन्न त्याहून अधिक घटले. दिवसा घरी थांबणारे मोठे माणूस नसेल, तर गृहशिक्षणाचा विचार करू नये.

कायद्याची बाजू नीट वाचून घ्यावी. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा असून तो ६ ते १४ वयोगटाला लागू आहे. त्यातील कलम १० मुलाला जवळच्या शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते, मात्र त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद नाही. परतीच्या वाटेसाठी कलम ४ महत्त्वाचे आहे, कारण शिक्षण अपुरे राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्यात आहे. मुलाच्या वेळी एका शाळेने त्याला दोन इयत्ता खाली बसवायचे ठरवले होते. हे कलम लेखी अर्जात नमूद केल्यावर त्याला चौथीत घेतले.

दहावीसाठी एनआयओएसला १४ वर्षे पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि पाच वर्षांत नऊ संधी असल्याने विषय सुटे सुटे देता येतात. राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल, तर खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरण्याची वाट आहे. तिथे सगळे विषय एकदम पेलावे लागतात. मुलीने सुटे विषय निवडले आणि तिला ते मानवले.

कलम ४ चा आधार आठवीपर्यंतच पुरतो. म्हणून मूल घरी रमत नसल्याची शंका आली, तर परतीचा निर्णय सातवीच्या आतच घ्यावा आणि तोपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला व जुनी प्रगतिपुस्तके एका फाइलमध्ये जपून ठेवावीत.