फँटम हेड की ओपीडीची खुर्ची?

बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षात मोकळा वेळ कुठे घालवावा, यावर हॉस्टेलवर वाद रंगतात. प्रीक्लिनिकल लॅबमध्ये फँटम हेडवर (सरावासाठीच्या कृत्रिम डोक्यावर) हात बसवायचा, की ओपीडीत सीनियरच्या मागे उभं राहून पेशंट पाहायचे?

लॅबचा फायदा उघड आहे. एअरोटरचा (दात कोरायच्या यंत्राचा) बर, म्हणजे कोरणारं टोक, मिनिटाला ३ लाखांच्या आसपास फेरे घेतो. हात किंचित घसरला तर शेजारचा चांगला दात कापला जातो. क्लास टू कॅव्हिटी (दाढेच्या शेजारच्या दाताकडील बाजूची पोकळी) करताना ही धास्ती कायम. टायपोडॉन्टचा (सरावाच्या नकली जबड्याचा) दात बदलता येतो (स्वस्त नसतो, ते वेगळं), माणसाचा नाही. पण फँटम हेडला लाळ सुटत नाही, ते जीभ मध्ये आणत नाही की घाबरून आपलं मनगट धरत नाही.

ओपीडीत हे सगळं होतं. खालच्या दाढेसाठी भूल देताना “मावशी, थोडं टोचेल, दुखलं तर डावा हात वर करा” एवढं सांगणारा इंटर्न बघा. पेशंट सैलावतो, तोंड नीट उघडतो, कामही सोपं होतं. मिश्री लावणाऱ्या बाईवर ओरडलं तर ती पुन्हा फिरकत नाही आणि गालातला पांढरा चट्टा तपासायचा राहून जातो.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या वर्षी लॅबलाच जास्त वेळ द्यावा. मात्र आठवड्यातून एकदा तरी ओपीडीत जावं. तिसऱ्या वर्षी नेमून दिलेल्या कामांचा कोटा भरायची घाई सुरू झाली की पेशंटचं नाव मागे पडतं आणि उरतं फक्त दात काढायचं काम, ‘एक एक्स्ट्रॅक्शन’.