सापळे की रान? जंगली टर्कीसाठी जॉर्जियातल्या शंभर एकरांचा हिशेब

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटापासून दीड-दोन तासांवर पाइनचं रान आणि थोडं कुरण अशी ८०-१०० एकर जमीन घेतलेल्यांची तक्रार साधारण एकच असते. एप्रिलमध्ये पहाटे टर्कीच्या नरांचा आवाज भरपूर येतो, जूनमध्ये मात्र माद्या एकट्याच चरताना दिसतात, मागे पिल्लं नाहीत. रानात लावलेल्या ट्रेल कॅमेऱ्यात रोज रात्री रॅकून (डोळ्यांवर काळा पट्टा असलेला निशाचर प्राणी). मग पुढचं वाक्य आपोआप येतं: सापळे आणू या.

आणावेत का? आणि न आणता तेच पैसे, तेच शनिवार-रविवार दुसरीकडे घातले तर? फेब्रुवारी ते जून अंडीचोर प्राणी पकडणं हा एक पर्याय, घरट्याला आणि पिल्लांना लागणारं रान तयार करणं हा दुसरा. आमचा कल आधीच सांगून टाकतो: शंभर एकरांवर रान आधी. पण सापळेवाल्यांची बाजू पोकळ नाही.

चौपन्न दिवस

मादी झाडाच्या बुंध्याशी, पडलेल्या फांद्यांच्या आड किंवा ब्लॅकबेरीच्या जाळीत जमिनीवरच उथळ खळगा करते. जवळजवळ रोज एक अशी १० ते १२ अंडी घालते, मग खुडूक बसते ती २८ दिवस. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की दिवसाभरात घरटं सोडतात, पण पहिले दोन आठवडे त्यांना झाडावर जाता येत नाही. रात्री आईच्या पंखाखाली, जमिनीवरच. १२, २८ आणि १४ यांची बेरीज ५४. एवढे दिवस सगळा संसार जमिनीवर मांडलेला असतो.

या काळात शत्रू बदलत जातात. अंड्यांना रॅकून, ओपॉसम (मांजराएवढा, पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा प्राणी), स्कंक (घाण वासाची पिचकारी मारणारा प्राणी), कावळे आणि रॅट स्नेक (आपल्या धामणीच्या वळणाचा साप). बसलेल्या मादीला कोयोट (लांडग्याच्या नात्यातला), बॉबकॅट (अमेरिकेतलं रानमांजर) आणि मोठं शिंगी घुबड. पिल्लांना हे जवळपास सगळेच, शिवाय ससाणे आणि थंड पावसाची एक लांबलेली रात्र. सापळ्यात सहज येतात ते या यादीतले पहिले तीन. घुबड आणि ससाण्यांना १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना हात लावायचा नाही. बॉबकॅट आणि कोल्ह्यांच्या शिकारीचा हंगाम जॉर्जियात फेब्रुवारीअखेर संपतो, म्हणजे माद्या अंडी घालू लागण्याआधीच.

म्हणून खर्च करण्याआधी फुटलेलं घरटं सापडलं तर टरफलं पाहा. अंड्याच्या रुंद टोकाची टोपी गोल कापल्यासारखी सुटली असेल आणि आतला पापुद्रा सुका, वेगळा झालेला असेल, तर अंडं फुटलेलं नाही, उबवून पिल्लू बाहेर पडलंय. तुमचा प्रश्न पिल्लांचा आहे, घरट्याचा नाही. चुरडलेली, चावलेली टरफलं घरट्याबाहेर विखुरलेली आणि पिवळा बलक सांडलेला असेल तर रॅकून किंवा स्कंक. एकाच बाजूला टोचा मारलेलं भोक असेल तर कावळा. घरटं स्वच्छ रिकामं, टरफलाचा तुकडाही नाही, तर बहुधा साप. शंभर टक्के खात्री टरफलावरून होत नाही, कारण एकानं फोडलेलं दुसरा येऊन चाटतो.

सापळ्यांची बाजू

१९८०च्या दशकाच्या अखेरीस फरचे भाव कोसळले आणि खेड्यापाड्यांतले सापळेवाले कमी झाले. रॅकून वाढले. टर्कीची संख्या वाढत होती तो काळ आणि फरला भाव होता तो काळ बराचसा एकच, हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण टर्की परतली ती मुख्यतः पकडून दुसरीकडे सोडल्यामुळे. १९५१मध्ये दक्षिण कॅरोलिनात तोफेनं उडवायचं जाळं टर्कीवर वापरलं गेलं आणि फार्मवर वाढवलेले पक्षी सोडण्याचा फसलेला खटाटोप मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नामशेष होण्याच्या वाटेवर असलेला पक्षी २०००च्या आसपास ६० लाखांच्या वर गेला.

कामाचं साधन म्हणजे 'डॉग-प्रूफ' नळीचा सापळा. प्राण्याला पंजा आत घालून कळ ओढावी लागते, ते रॅकूनला आणि ओपॉसमला जमतं, कुत्र्याला नाही. एकाची किंमत २० डॉलरच्या आसपास. ओढ्याकाठी, जुन्या रस्त्याच्या वळणावर, शेताच्या कोपऱ्यात असे शंभर एकरांवर ८-१० लावा, साखळी पक्क्या खुंटीला बांधा. आमिष म्हणून मार्शमॅलो घाला. मांजराचं कोरडं खाणं चालतं, पण त्याच्या वासानं शेजारची मांजरं येतात. पिंजरा वापरत असाल तर वर ताडपत्री टाका: आत स्कंक निघाला तर ताडपत्रीआडून दार उघडता येतं, नाहीतर आठवडाभर कपडे घराबाहेर.

अडचणी इथून सुरू होतात. पहिली, जॉर्जियात सापळा २४ तासांत एकदा पाहावाच लागतो. शहरात राहून शनिवारी येणाऱ्या मालकाला हे जमत नाही. शुक्रवारी उघडून रविवारी बंद केलेले सापळे आठवड्यातल्या दोन रात्री काम करतात, आणि घरटं पाच रात्रींत कधीही फुटतं. जमिनीवर राहणाऱ्यालाही रोजची ४५ मिनिटं धरली तर फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत साधारण १०० तास लागतात.

दुसरी, पकडलेल्याचं काय करायचं. गाडीत घालून दहा मैलांवर सोडणं ही दया नव्हे. रेबीज पसरतो म्हणून अनेक राज्यांत त्याला बंदी आहे. जागेवरच मारावं लागतं, आणि ज्याला ते करवणार नाही त्यानं हा पर्याय निवडूच नये. रॅकूनच्या विष्ठेत एक गोलकृमी असतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोचतात. हातमोजे हवेतच. परवाना, सापळ्यावर मालकाची खूण आणि प्राण्यागणिक हंगाम हे राज्याच्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचून घ्या, गेल्या वर्षीचं पाठांतर चालत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि सापळे विकणारे ती सांगत नाहीत. तुमच्या शंभर एकरांवरचे रॅकून संपवले की शेजारचे येतात. रिकामी जागा वर्षभरसुद्धा रिकामी राहत नाही. मादी वसंतात शेकडो एकर फिरते, घरटं तुमच्या कुंपणात करेलच असं नाही. बंदुकीनं कोयोट टिपण्याचंही तेच: एक जोडी गेली की भटके कोयोट हद्द ताब्यात घेतात. बरं, कोयोटच्या विष्ठेत सापडतात ते उंदीर, ससे, हरणाची पाडसं आणि फळं. टर्की त्यात थोडीच.

रानाची बाजू

इथे पुष्कळांची गफलत होते. रान म्हणजे दाट हिरवं नव्हे. मुठीएवढ्या पिल्लाला पायाशी मोकळी जमीन आणि डोक्यावर छप्पर लागतं. गुडघ्याएवढी रुंद पानांची झुडपं, त्यांच्या खोडांमध्ये पिल्लू पळू शकेल इतकी जागा, आणि भरपूर किडे. पहिल्या आठवड्यांत पिल्लं मुख्यतः किड्यांवर जगतात. परीक्षा सोपी आहे: जूनमध्ये पोटावर झोपा, डोळा जमिनीपासून वीतभर वर आणा आणि पुढे बघा. मीटर-दोन मीटर अंतर दिसलं आणि वर आकाश फारसं दिसलं नाही, तर जागा चांगली. नाकासमोर गवताची भिंत आली, तर पिल्लू तिथे अडकतं आणि दवात भिजून गारठतं.

ही भिंत बहुधा टॉल फेस्क्यू गवताची असते. ते मारायचं तर उन्हाळ्याअखेर कापा, ६ ते १० इंच परत वाढू द्या आणि शरदात ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, एकरी सुमारे दोन क्वार्ट (साधारण १.९ लिटर), लेबल वाचून. वसंतात मारलं तर मुळं वाचतात आणि पैसे वाया जातात. त्यानंतर हिवाळ्यात पट्ट्यापट्ट्यांनी हलका डिस्क (ट्रॅक्टरमागचा तव्यांचा कुळव) फिरवला की रॅगवीड उगवतं. गाजरगवताच्या नात्यातलं, ॲलर्जीवाल्यांना शिंका आणणारं, पण टर्कीच्या पिल्लांसाठी त्याच्याइतकं चांगलं छत मिळणं कठीण.

पाइनच्या रानात आधी ऊन खाली पोचलं पाहिजे. विरळणी एकरी ४० ते ६० चौरस फूट बुंधाक्षेत्रापर्यंत (एकरातल्या सगळ्या झाडांच्या, छातीच्या उंचीवरच्या बुंध्यांच्या छेदांची बेरीज) करा. लाकूड पल्पवूडला, म्हणजे कागदाच्या लगद्यासाठी जातं, म्हणजे हे काम खिशातून पैसे न जाता थोडे आणूनही देतं. मग आग. जमिनीचे तीन तुकडे करून दरवर्षी एक जाळायचा, म्हणजे प्रत्येक तुकड्याची पाळी तीन वर्षांनी येते. ताज्या जळालेल्या तुकड्यात पिल्लं चरतात, एक-दोन वर्षांच्या तुकड्यात माद्या घरटी करतात. सगळे शंभर एकर एकाच फेब्रुवारीत जाळले तर त्या वर्षी लपायला काहीच उरत नाही, आणि ही चूक उत्साही नवे मालक हमखास करतात.

कोकणात राब भाजणाऱ्याला जे कळतं तेच इथेही लागतं: वारा कुठून आणि आग कुठे थांबणार. आधी ८-१० फुटांची जाळरेषा उघड्या मातीपर्यंत खरवडा. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्के, वारा मंद पण एकाच दिशेचा. पहिली काडी वारा जिकडे चाललाय त्या टोकाला लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश सरकते. जॉर्जिया फॉरेस्ट्री कमिशनचा परवाना आधी, आणि सोबत किमान चार माणसं. आग विझल्यासारखी दिसली तरी वाळकी खोडं रात्रभर धुमसतात. दुसऱ्या दिवशीचा वारा त्यातूनच ठिणगी उचलतो. पहिल्या वेळी अनुभवी ठेकेदार घ्या. खर्चाला हातभार म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या नैसर्गिक साधनसंपत्ती संधारण सेवेची 'इक्विप' योजना आहे, अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयात.

सगळ्यात स्वस्त काम तर फुकट आहे: मे ते जुलै बुश-हॉग (ट्रॅक्टरमागचं गवत कापायचं यंत्र) शेडमध्येच ठेवा. कुरण 'नीटनेटकं' दिसावं म्हणून जूनमध्ये फिरवलेलं यंत्र घरट्यावरून जातं, आणि बसलेली मादी अगदी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही.

रानाचीही कमजोरी सांगायला हवी. घरट्याभोवती गवत उंच आहे म्हणून अंडी वाचतीलच असं नाही. अभ्यासांत हा संबंध कधी दिसतो, कधी नाही. फायदा जास्त करून पिल्लांच्या जगण्यात होतो, आणि तो दिसायला दोन-तीन वर्षं लागतात. सापळ्याचा परिणाम त्याच वसंतात दिसू शकतो. फक्त पुढच्या वर्षी तो पुन्हा विकत घ्यावा लागतो.

मग सापळे कोणी लावावेत?

जमिनीवरच राहणाऱ्यानं. ज्याचे दोन-तीन शेजारी मिळून हजार-दोन हजार एकर सलग होतात आणि सगळे एकाच महिन्यात लावायला तयार आहेत, त्यानं. ज्याचं रान आधीच उघडं, जाळलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं आहे आणि तरी टरफलं विखुरलेलीच सापडतात, त्यानं तर जरूर. बाकीच्यांनी ते २०० डॉलर डिझेलला आणि जाळरेषेला घालावेत.

आणि दोन्हीपैकी काही करण्याआधी मक्याचा फीडर (दाणे सांडणारा डबा) बंद करा. हरणांसाठी ठेवलेला म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण तिथे परिसरातले रॅकून रोज हजेरी लावतात, आणि मादी त्याच्याजवळच चरत असते. उन्हाळ्यात ओला झालेला मका बुरशी धरतो. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन टर्कीच्या पिल्लांना कोंबडीपेक्षा जास्त बाधतं. एकीकडे सापळे आणि दुसरीकडे फीडर म्हणजे बादलीला भोक ठेवून पाणी भरणं.

शिकारीचे नियम तुमच्या हातात नाहीत. २०२२पासून जॉर्जियात वसंतातली मर्यादा तीन नरांवरून दोनवर आली आणि हंगाम उशिरा सुरू होऊ लागला. टेनेसीत हंगाम दोन आठवडे उशिरा सुरू करून पाहिला, पण अभ्यासात घरटी त्यामुळे वाढलेली दिसली नाहीत. तुमच्या जमिनीवर किती नर टिपायचे एवढं मात्र तुम्हीच ठरवता.

निवडलेला पर्याय चालला का हे जुलै-ऑगस्टमध्ये मोजा. दिसलेल्या सगळ्या माद्या लिहा, पिल्लं नसलेल्याही, आणि एकूण पिल्लांना एकूण माद्यांनी भागा. मादीमागे साधारण दोन पिल्लं आली तर कळप टिकतो. लोक फक्त पिल्लं असलेल्या माद्या मोजतात, आकडा चार-पाच येतो आणि सगळं उत्तम चाललंय असं वाटतं. सहा माद्या, त्यातल्या एकीमागे पाच पिल्लं आणि पाच रिकाम्या: उत्तर पाच नाही, एकाहूनही कमी आहे.